शिपाई मावशी, सर आणि दहावीच्या मुलींचे आभार

यंदा वादळात रावेरकडची आमची कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली आणि दहावीतली लेक बोलेनाशी झाली. शाळेत जाई, पण डबा तसाच परत आणी. हे आधी हेरलं शाळेतल्या शिपाई मावशींनी. मधल्या सुट्टीत त्या तिला जवळ बसवत, आपली कळण्याची भाकरी अर्धी मोडून देत. विचारत काहीच नसत. एक दिवस ती आपणहून रडली. मग मावशींनी वर्गशिक्षकांना गाठलं. ‘टेली-मानस’ या मानसिक आधार देणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्हाला ठाऊकच नव्हता, सरांनी शेजारी बसून तो लावून दिला. मुलींनी पंधरा ऑगस्टच्या लेझीम पथकात तिची जागा राखून ठेवली. आता पोरगी हसते, भांडतेसुद्धा. मावशी, तुमचे फार उपकार आहेत. सर, पोरींनो, मनापासून आभार.