वायरवरचं लेबल

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचून दोन दिवस नुसती निळी टिक देऊन बसलो, शिव्या घाल हवं तर. पण अंगठ्याने टाइप करून उत्तर देण्यासारखा तो प्रश्नच नव्हता, म्हणून आज रविवारचा चहा घेऊन लॅपटॉपवर बसलोय. तू विचारलंस, पुतण्या बोटीवर जॉइन होतोय, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट, बोट अमेरिकेला लागणार, तिकडे हल्ली आपल्या लोकांना काय काय बोलतात म्हणे, खरं काय ते सांग, वहिनीला झोप नाही.

खरं सांगतो. पण त्यासाठी तुला डालीची गोष्ट ऐकावी लागेल, कारण ती बोट माझ्या घरापासून वीस मिनिटांवर पुलाला धडकली.

26 मार्च 2024, मध्यरात्र उलटून दीड वाजायला आलेला. डाली म्हणजे 984 फुटी कंटेनर बोट, झेंडा सिंगापूरचा, बाल्टिमोरहून कोलंबोला निघालेली. बंदरातून बाहेर पडताना बोटीवरची लाइट गेली, आली, परत गेली, आणि एवढं मोठं धूड वाहत वाहत जाऊन आमच्या बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज या पुलाच्या खांबावर आदळलं. तो व्हिडिओ तू पाहिला असशीलच, अख्खा पूल काड्यांचा असल्यासारखा पाण्यात गेला. बोटीवर 21 खलाशी, त्यातले 20 भारतीय. त्यांच्या बोटीवरून मेडे, म्हणजे धोक्याचा संदेश, गेला म्हणून पोलिसांनी दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या, नाहीतर मेलेल्यांचा आकडा कितीवर गेला असता कोण जाणे. राज्याचे गव्हर्नर वेस मूर यांनी स्वतः सांगितलं की त्या मेडेमुळे जीव वाचले.

आता माझं ऐक. पहाटे बायकोने उठवलं, बातमी दाखवली, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? किती माणसं गेली, हा नाही. पहिला विचार, बोट चालवणारे आपले नसोत रे देवा! आमच्या मराठी ग्रुपवरही तेच, सव्वासहाला एकाने विचारलेलं, "क्रू कुठला?" आणि खाली हात जोडलेले पाच-सहा इमोजी. म्हणजे आम्हाला सगळ्यांना आधीच माहीत होतं की पुढे काय येणार.

आणि आलंच. दुसऱ्या दिवसापर्यंत एक कार्टून फिरायला लागलं, लंगोट नेसलेली सावळी माणसं बोटीच्या आत हातपाय गाळून उभी, आणि मागे आपल्या इंग्रजीची नक्कल करणारा आवाज, एकमेकांना शिव्या देणारा. लाखो लोकांनी पाहिलं. मला सगळ्यात लागलं ते काय सांगू, बोटीवर तेव्हा दोन लोकल पायलटही होते, अमेरिकन, बंदरातून बोट बाहेर काढणं हे त्यांचंच काम असतं, तुझ्या पुतण्याला विचार तो सांगेल. त्यांना कोणी लंगोट नेसवला नाही. नेसवायलाही नको होता, चूक त्यांचीही नव्हती, पण कळलं ना मी काय म्हणतोय ते.

हे आपल्यापुरतं नाही हां. त्याहून जास्त चिखल मेयरवर उडाला. ब्रँडन स्कॉट, तरुण आहे, ब्लॅक आहे, पत्रकारांसमोर पहाटे साध्या जॅकेटमध्ये उभा होता. लगेच ट्विट, "हा बघा बाल्टिमोरचा डीईआय मेयर." डीईआय म्हणजे डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन, नोकरीत कॉलेजात सगळ्या प्रकारच्या लोकांना वाव मिळावा म्हणून चालतात ते कार्यक्रम. पण शिवी म्हणून वापरतात तेव्हा अर्थ एवढाच की तुझी लायकी नाही, रंगामुळे बसवलाय. अरे पण मेयर मतांनी निवडून येतो, आणि तो पूल शहराचा नव्हताच, राज्याच्या खात्याचा होता! स्कॉट टीव्हीवर म्हणाला की डीईआयचा अर्थ ड्यूली इलेक्टेड इन्कम्बन्ट, रीतसर निवडून आलेला, आणि या लोकांना जो शब्द खरा म्हणायचाय तो म्हणायची हिंमत नाही.

मी हे सगळं तावातावाने बायकोला सांगत होतो तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "कोट्यातला डॉक्टर म्हणतात ना आपल्याकडे, तसंच की." गप्प झालो. बाळ्या, तुला होस्टेलमधली रूम नंबर 14 आठवते? तो पोरगा व्हायव्हामध्ये अडखळला तेव्हा आपण सगळे मेसमध्ये काय बोललो होतो, आणि कोण सगळ्यात मोठ्याने हसलं होतं? मी हसलो होतो. त्याच सेमला मला एम-थ्रीत, म्हणजे गणितात, के.टी. लागली, नापास झालो, तेव्हा माझ्या जातीवरून कोणी काही काढलं नाही. सोड.

शेजारच्या म्हाताऱ्याचं सांगतो. गोरा, डंडॉकचा, म्हणजे पुलाच्या अगदी अंगाला लागलेलं गाव, आयुष्य स्पॅरोज पॉइंटच्या स्टीलच्या कारखान्यात गेलं, 2012 ला तो बंद पडला तेव्हापासून टँकर चालवतो. पूल पडल्यावर त्याचे हाल, कारण ज्वलनशील माल घेऊन बोगद्यातून जाता येत नाही, अख्खा रिंगरोड उलट्या बाजूने फिरून जायचं, डिझेल जातं, वेळ जातो. माणूस वाईट नाही, बर्फ पडला की माझाही फुटपाथ साफ करतो, उन्हाळ्यात टोमॅटो आणून देतो. पण त्या आठवड्यात पोर्चवर बसून मला म्हणाला, ही शहरातली माणसं नेमतात ना रंग बघून, त्याचं हे फळ. मी म्हटलं, आणि बोटीवरचे माझ्या देशाचे होते, त्यांचं काय? तो म्हणाला, "तू वेगळा आहेस." हे "तू वेगळा आहेस" मला चौदा वर्षांत इतक्यांदा ऐकायला मिळालंय ना!

बरं, हे एका पुलापुरतं राहिलं असतं तर तुला एवढं लिहिलं नसतं. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला विमान आणि आर्मीचं हेलिकॉप्टर हवेत धडकलं, 67 माणसं गेली. दुसऱ्या दिवशी नदीतून मृतदेह काढणं चालू, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये उभे राहून डीईआयला दोष देतायत. पत्रकाराने विचारलं, चौकशी सुरू झाली नाही तर तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, मला कॉमन सेन्स आहे. पुढे तपासात बाहेर काय आलं, तर हेलिकॉप्टरचा ठरलेला रस्ता आणि विमान उतरायची वाट यांच्यात एका ठिकाणी वरखाली अंतर जेमतेम 75 फूट. नकाशावरच. म्हणजे सातेक मजली बिल्डिंगएवढं, बास. पण अशी गोष्ट सांगायला तपास लागतो, महिने लागतात, आणि तोवर माणूस सापडलेला असतो.

पुलाचंही तसंच. 2025 च्या नोव्हेंबरात एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, कारण सांगितलं, हे पुतण्याला नक्की वाचायला लाव. एक वायर. वायरवर नाव लिहिलेलं छोटं लेबल असतं ना, ते अशा जागी बसवलेलं की वायर कनेक्टरमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती, ती सैल झाली आणि तीनशे मीटरच्या बोटीची लाइट गेली. आणि पूल ज्याच्या ताब्यात होता त्या राज्याच्या खात्याने तो बोटीच्या धडकेत टिकेल का याचा हिशोबच कधी केला नव्हता, केला असता तर धोका मान्य मर्यादेच्या जवळपास 30 पट दिसला असता. पूल 1977 चा, बोटी तेव्हाच्या कितीतरी पट मोठ्या झालेल्या, आणि 1980 साली फ्लोरिडात सनशाइन स्कायवे बोट धडकूनच पडला होता, 35 माणसं गेली होती, म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. म्हाताऱ्याला मी हे सांगितलं तर बराच वेळ बिअरच्या कॅनवरचा कागद सोलत बसला. "एक स्टिकर?" म्हणाला. मग म्हणाला, "लावलं कोणी असेल?" मी उठून घरी आलो.

आणि गेले कोण? पुलावर त्या रात्री खड्डे बुजवणारी गँग होती, इन्स्पेक्टर धरून 8 जण. दोघे वाचले, सहा गेले. गेलेले सगळे मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरहून आलेले. ब्रेकमध्ये आपापल्या गाड्यांत बसलेले. वायरलेसवर एक पोलीस म्हणताना ऐकू येतो की दुसरी गाडी आली की मी वर जाऊन त्यांना खाली आणतो, तेवढ्यात पूल गेला. ज्यांना रोज टीव्हीवर घुसखोर म्हणतात त्यांच्यातलीच ही माणसं, रात्री दीड वाजता आम्हा सगळ्यांचे खड्डे बुजवत होती. मी कितीदा त्या पुलावरून टोल भरून गेलोय, खड्डा कोण बुजवतं हे कधी मनात आलं नाही.

आता पुतण्यासाठी. घाबरवू नको त्याला, वहिनीलाही सांग की इथली सगळी माणसं कार्टूनवाली नाहीत. डालीचे खलाशी कितीतरी आठवडे बोटीवरच अडकून होते, व्हिसा नाही, शोअर पास म्हणजे जमिनीवर उतरायची परवानगी नाही. 13 मेला पुलाचा सांगाडा सुरुंग लावून उडवला तेव्हाही ते बोटीवरच. एफबीआयने फोन काढून घेतले, घरी बोलायची पंचाईत. तेव्हा बंदरात खलाशांसाठी काम करणाऱ्या लोकांनी त्यांना सिमकार्ड पोचवली, बाल्टिमोरच्या बायकांनी घरी केलेले केक-मफिन पाठवले. हेही तेच शहर.

त्याचा सी-वन-डी, म्हणजे खलाशांचा, व्हिसा आहे ना ते कंपनीला लेखी विचारायला सांग, तो नसेल तर बंदर दिसेल पण पाय ठेवता येणार नाही. आणि घरचे सगळे नंबर एका वहीत लिहून ठेवायला सांग, फोनवर विसंबू नको म्हणावं. बोट बाल्टिमोरला लागली तर मला आधी कळव, मी गेटपर्यंत येतो डबा घेऊन, बायको आत्तापासून विचारतेय त्याला तिखट चालतं का.

हे लिहिता लिहिता मीच बघितलं, तुझा नंबर मला पाठ आहे का, तर नाही. तुमच्या जुन्या घरचा लँडलाइन तेवढा अजून आठवतो, तो 1998 चा, पाच आकडी.

तुझा,
अव्या