कॉर्कहून आत्यास: यंदा वाचलेल्या काही कादंबऱ्यांविषयी

कॉर्क, आयर्लंड

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोचले. तिकडे सध्या लोक कोणत्या कादंबऱ्या वाचतात, आणि त्यांतल्या तुला स्वतःला किती पटल्या ते हातचे न राखता लिही, असे तू बजावले आहेस. घरची ख्यालीखुशाली आईबाबांच्या पत्रात लिहिली आहे, म्हणून हे पत्र केवळ पुस्तकांसाठी ठेवते.

येथील सार्वजनिक वाचनालयांचे सभासदत्व विनामूल्य आहे आणि 2019 पासून उशिराचा दंडही बंद झाला आहे, त्यामुळे बहुचर्चित कादंबरी हाती यायला थोडी वाट पाहावी लागली तरी ती येते खरी. अशा कादंबऱ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी मात्र तुझ्याच हाताखाली तयार झाली. 'स्वामी' आणि 'तुंबाडचे खोत' तू ज्या गंभीरपणे वाचलेस आणि आम्हाला वाचायला लावलेस, त्यामुळे पुष्कळांना आवडले म्हणजे ते उथळच असणार, हे मला कधी मान्य झाले नाही. पुस्तक किती खपले याच्याशी माझे भांडण नाही. ते वाचकाला कोठे उभे करते, हे मी पाहते. काही कादंबऱ्या पहिल्या पानापासूनच आपल्याला न्यायाच्या बाजूला बसवतात, आणि पुस्तक मिटेपर्यंत आपण शहाणे, चांगले आणि निर्दोष राहतो. काही थोड्या कादंबऱ्या आपल्याला त्या जागेवरून उठवतात, आणि त्या वेळी आपण असतो तर काय केले असते, या प्रश्नाला तोंड द्यायला लावतात. यंदाचे माझे सगळे बरेवाईट मत या एका भेदावर उभे आहे.

सर्वांत आधी क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' या कादंबरीविषयी सांगते. ती 2021 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. पृष्ठे शंभराच्या थोडी पुढे, म्हणजे एका बैठकीत संपण्यासारखी. 1985 सालचा नाताळ जवळ आला आहे, न्यू रॉस हे बॅरो नदीकाठचे गाव बेकारीने आणि थंडीने गांजलेले आहे, आणि बिल फर्लाँग नावाचा कोळशाचा व्यापारी घरोघर कोळसा आणि लाकूड पोचवीत आहे. त्याला पाच मुली आहेत. एके दिवशी गावाबाहेरच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मठात माल उतरवताना कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी त्याला दिसते. पुढे तो काय करतो एवढीच कथा आहे, आणि ती मी सांगणार नाही.

या मठांची पार्श्वभूमी ठाऊक असावी म्हणून थोडे लिहिते. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, अनाथ, निराधार किंवा नुसत्या 'वळण लागत नाही' असे ठरवलेल्या मुलींना आयर्लंडमध्ये मॅग्डालेन लॉन्ड्री नावाच्या धुलाईगृहांत ठेवून घेत आणि त्यांच्याकडून विनावेतन काम करून घेत. ही गृहे धर्मसंस्थांच्या जोगिणी चालवीत, आणि सरकारी खात्यांचे कपडेही तेथे धुतले जात. 1922 ते 1996 या काळात सुमारे 10,000 स्त्रिया त्यांत गेल्या, असे 2013 च्या सरकारी अहवालात नमूद आहे, आणि त्याच वर्षी पंतप्रधानांनी संसदेत त्यांची क्षमा मागितली. आमच्या शहरातही सनडेज वेल भागातल्या उंचवट्यावर असे एक गृह होते. शेवटचे धुलाईगृह डब्लिनमध्ये 1996 साली बंद झाले, म्हणजे मी तुझ्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत येत असे त्या काळात ते चालू होते.

कीगन यांनी या सर्वांवर कोरडे ओढणारी कादंबरी लिहिली असती तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मात्र मठातल्या छळापेक्षा गावाच्या गप्प बसण्याकडे लक्ष दिले. मठाला लागूनच मुलींची चांगली शाळा आहे आणि ती त्याच जोगिणींची आहे. फर्लाँगच्या मुलींना तेथेच शिकायचे आहे. खानावळवाली बाई त्याला बाजूला घेऊन सावध करते, आणि ती दुष्टपणाने बोलत नाही, त्याच्या संसाराच्या काळजीने बोलते. त्याची बायकोही तेच सांगते. वाचताना मला त्या दोघींचे म्हणणे पटत होते, आणि पटत होते म्हणूनच मी अस्वस्थ झाले. स्वतः फर्लाँग कुमारी मातेचा मुलगा आहे. त्याची आई ज्या घरी काम करी, त्या घरच्या विधवा मालकिणीने तिला बाहेर काढले नाही, म्हणून तो वाढला. एका स्त्रीने दार बंद केले नाही, एवढ्याने एक आयुष्य उभे राहिले. मला येथे 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आठवले, आणि तेथे जन्मलेला, त्यांनी पुढे दत्तक घेतलेला यशवंतही आठवला. कादंबरीचा आटोपशीरपणा 'बनगरवाडी'च्या जातीचा आहे: वाक्य साधे, भोवतालचे हवापाणी नेमके, आणि लेखक कोठेही गळा काढीत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव बॉनी गार्मस यांच्या 'लेसन्स इन केमिस्ट्री'ने दिला. 2022 सालचे हे पुस्तक येथे ज्याच्या त्याच्या हातात होते, आणि लेखिकेने साठी उलटल्यावर लिहिलेली ही पहिली प्रकाशित कादंबरी आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. नायिका एलिझाबेथ झॉट ही 1950 च्या दशकातली कॅलिफोर्नियातली रसायनशास्त्रज्ञ आहे. तिला प्रयोगशाळेत टिकू देत नाहीत, तेव्हा ती दूरचित्रवाणीवर पाककृतींचा कार्यक्रम करते आणि गृहिणींना स्वयंपाकातून रसायनशास्त्र शिकवते. कल्पना उत्तम आहे, कथन वेगवान आहे, आणि स्वयंपाकघर तोडून ती तेथे प्रयोगशाळा उभारते तो भाग प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला आवडल्यावाचून राहत नाही.

तरीही माझे मत प्रतिकूल आहे. एलिझाबेथला आडवे येणारे बहुतेक सर्व पुरुष एकाच वेळी दुष्टही आहेत आणि निर्बुद्धही. तिच्या मनात मात्र तिच्या काळाचा एकही समज, एकही भीती, एकही संकोच नाही. ती आजची स्त्री आहे आणि तिला सत्तर वर्षे मागे नेऊन सोडले आहे. त्यामुळे तिच्या विरोधकांना नावे ठेवताना वाचकाला काहीच किंमत द्यावी लागत नाही. खरा इतिहास याहून कितीतरी अवघड आहे. कमला सोहोनी, म्हणजे तुझ्या आवडत्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, 1933 साली मुंबईहून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारणारे गृहस्थ सर सी. व्ही. रामन होते. कमलाबाईंनी पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा एक वर्ष कामाची परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. पुढे 1939 साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. अडवणारा माणूस मूर्ख नव्हता, क्षुद्रही नव्हता; तो देशाचा गौरव होता, आणि तरीही या बाबतीत तो चूक होता. हे दुःख पेलणारी कादंबरी मला वाचायची होती. 'लेसन्स इन केमिस्ट्री' वाचून झाल्यावर मन प्रसन्न झाले, पण त्या प्रसन्नतेत मला काही नवे कळले नव्हते.

आता मिन जिन ली यांची 'पाचिंको'. ही 2017 ची कादंबरी मी उशिरा वाचली, आणि यंदाच्या वाचनात सर्वांत खोल तीच गेली. कोरियावर जपानची सत्ता आली त्या 1910 च्या सुमारापासून 1989 पर्यंत एका कोरियन कुटुंबाच्या चार पिढ्या यात येतात. बुसानजवळच्या येओंग्दो बेटावर खाणावळ चालवणाऱ्या बाईची मुलगी सुंजा हिला एका श्रीमंत माणसापासून दिवस जातात, आणि तो विवाहित आहे हे कळल्यावर ती त्याचा आधार नाकारते. एक आजारी, तरुण धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करून तिला ओसाकाला नेतो. पुढे नवरा तुरुंगात गेल्यावर ती बाजारात गाडी लावून किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले कोरियन लोणचे, विकते आणि मुले वाढवते. लेखिकेला हा विषय महाविद्यालयात असताना सुचला होता. पुढे काही वर्षे टोकियोत राहून, तेथील कोरियन माणसांशी बोलून त्यांनी तो नव्याने लिहिला. हे कष्ट पानोपानी जाणवतात. तांदूळ किती महाग, कोबी कोठून मिळवायचा, बोलण्यातला हेल कसा लपवायचा, या सगळ्याला येथे इतिहासाइतकेच वजन आहे.

ली यांचा निवेदक कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. सुंजाला फसवणारा हान्सू हा गुन्हेगारी टोळ्यांत वावरणारा निर्दय माणूस आहे, पण त्याच्याच दूरदृष्टीमुळे ते कुटुंब युद्धात वाचते. मग आपण त्याचे काय करायचे? लेखिका उत्तर देत नाही, आणि वाचकाला पळवाटही ठेवीत नाही. पाचिंको हा जपानमधला छोट्या पोलादी गोळ्यांचा यंत्रखेळ आहे. खेळघरातले लोक त्यातील खिळे हलकेच ठोकून थोडे इकडेतिकडे करतात, म्हणजे कोणते यंत्र किती पैसे देईल ते बदलते, आणि तरीही माणसे आशेने खेळत राहतात. हे काम कादंबरीत इतके तपशिलाने येते की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

एका प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबले. सुंजाचा नातू सॉलोमन चौदा वर्षांचा होतो, त्या दिवशी त्याला परकीय म्हणून नोंदणी करण्यासाठी कचेरीत नेऊन बोटांचे ठसे घेतात. तो जपानमध्येच जन्मला, त्याचे वडीलही तेथेच जन्मले. आयर्लंडमध्ये नोंदणी करताना ठसे मीही दिले आहेत, पण मी मोठ्या वयात, स्वतःच्या इच्छेने, परत जायला घर असताना येथे आले. त्या मुलाला दुसरे घरच नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने स्वतःच्या दुःखाला फार मोठे नाव देण्याआधी हे प्रकरण वाचावे, असे मला वाटते. उणीव सांगायची तर शेवटच्या तिसऱ्या भागात पात्रे भराभर येतात आणि पुरती उमलण्याआधी निघून जातात. चौथ्या पिढीची कहाणी लेखिकेने आणखी शंभर पाने घेऊन सांगितली असती तरी मी आनंदाने वाचली असती.

अब्राहम वर्गीस यांची 'द कव्हेनंट ऑफ वॉटर' ही सातशेहून अधिक पानांची 2023 ची कादंबरी माझ्या एका सहकारिणीने मला दिली. ती कोट्टयमची आहे. येथील रुग्णालयांत केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. 1900 साली त्रावणकोरमधली बारा वर्षांची मुलगी चाळिशीतल्या विधुराशी लग्न करून नदीच्या प्रदेशात येते. या घराण्यात प्रत्येक पिढीत कोणीतरी पाण्यात बुडून मरते, आणि 1977 पर्यंत चालणाऱ्या या कथेत त्या शापामागचे वैद्यकीय कारण उलगडत जाते. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, म्हणून शस्त्रक्रियेची, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांची, त्या हातांना पुन्हा हालचाल देण्याची वर्णने विलक्षण नेमकी आहेत. भाजून निकामी झालेल्या एका शल्यविशारदाच्या हाताला एक लहान मुलगी स्वतःचा हात जोडून पुन्हा चित्र काढायला शिकवते, तो प्रसंग तर तू वाचच. आनंदवनाबद्दल तू आम्हाला जे सांगत असायचीस, ते मला ही पाने वाचताना सारखे आठवत होते.

माझी तक्रार अशी की योगायोग फार झाले आहेत आणि चांगली माणसे जरा जास्तच चांगली आहेत. पण मी पुस्तक खाली ठेवणार, इतक्यात जोप्पन बोलतो. तो त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या दलित गड्याचा मुलगा आहे. घरचा मालक त्याचा बालमित्र आहे, आणि आपल्या घराने तुम्हाला नेहमी मायेने वागवले, असे त्याला मनापासून वाटते. जोप्पन त्याला शांतपणे दाखवून देतो की दयाळू मालकालाच स्वतःचा अन्याय दिसणे सर्वांत कठीण असते. तोवर चारएकशे पाने मीही त्या घरावर प्रेम केले होते, त्या घराच्या मायेत सुखावले होते, आणि ते बोलणे थेट मला लागले. सहकारिणीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली की त्या पानापाशी तिच्या आईने पुस्तक कित्येक दिवस मिटून ठेवले होते. आपल्या गावाकडच्या वाड्यात मागच्या दाराने येणाऱ्या माणसांविषयी तुझ्याशी एकदा बोलायचे आहे. ते पत्रात मावणार नाही.

रिचर्ड ऑस्मन यांच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'विषयी थोडक्यात लिहिते. निवृत्तांच्या वसाहतीत राहणारी चार वयस्कर माणसे खुनाचा तपास लावतात. रहस्य बेतास बात आहे, पण स्मृती हरवत चाललेल्या नवऱ्याला सांभाळणारी एलिझाबेथ आणि रोजनिशी लिहिणारी जॉइस या दोघी म्हाताऱ्या खऱ्या आहेत, कोणाची कीव न मागणाऱ्या. तुमच्या भिशीतल्या मैत्रिणींना ती नक्की आवडेल.

चैत्रात दादा येथून निघेल, त्याच्याबरोबर 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' आणि 'पाचिंको' पाठवते. कीगनचे इंग्रजी तुला जड जाणार नाही; काही शब्द आयरिश आहेत, त्यांचे अर्थ मी पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिले आहेत. वाचून झाल्यावर मला एवढेच कळव की त्या खानावळवाल्या बाईच्या जागी तू असतीस तर फर्लाँगला काय सांगितले असतेस.

काकांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुझी,
भाची