दहावीच्या मुलांना एकच मास्क पुरणार नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटकातील दहावीची परीक्षा यंदा, म्हणजे २०२० साली, २५ जूनपासून ४ जुलैपर्यंत होणार आहे आणि कोरोनाच्या साथीमुळे मास्कशिवाय केंद्रात प्रवेश नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मंडळे, महिला बचत गट आणि घरोघरच्या बायका या मुलांसाठी मास्क शिवत आहेत. आमच्या शहापूरच्या गल्लीतही एप्रिलपासून मशिनी चालू आहेत. या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे : प्रत्येक मुलाला एक नव्हे, तीन मास्क द्या, आणि तेही परीक्षेच्या आधी आठवडाभर.

कारण पाऊस. घरगुती मास्कविषयी केंद्र सरकारने मार्चअखेरीस जी माहितीपुस्तिका काढली, तिच्यात मास्क साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात किमान ५ तास वाळवावा असे सांगितले आहे. जूनअखेरीस खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे पाच तास ऊन कुठून आणायचे? तिथे साधा टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो. ऊन नसेल तर ५ मिनिटे इस्त्री फिरवा, असेही त्याच पुस्तिकेत आहे. पण पाऊस लागला की त्या गावांतली वीज पहिली जाते. मग पोर ओलाच मास्क बांधून पेपरला जाईल. ओल्या कापडातून श्वास नीट घेता येत नाही आणि त्याचा उपयोगही कमी होतो. पुस्तिकेत माणशी दोन मास्क सांगितले आहेत, पण खानापूरच्या पावसात तिसरा हवाच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात मास्क वाटून फोटो काढण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो कृपा करून सोडावा. नव्या कापडाला खळ असते. न धुतलेला मास्क तोंडावर घट्ट बसतो, कोंडतो आणि तीन तास पेपर लिहिताना मुलाचे लक्ष सारखे तिकडेच जाते. आठ दिवस आधी मुख्याध्यापकांकडे दिले, तर मुलांची धुऊन, वापरून सवय होईल. आम्ही तर कापड बेतण्याआधीच धुऊन घेतो, म्हणजे नंतर आटत नाही.

शिवणाऱ्या भगिनींसाठी थोडे. कापड घट्ट विणीचे सुती घ्यावे. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर ते नको. साडीचे चकचकीत तुकडे आपल्याकडे पुष्कळ मिळतात, पण मास्कच्या तोंडाकडच्या पदराला, म्हणजे थराला, सुतीच हवे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला कापडी मास्कसाठी तीन पदर सुचवले आहेत, म्हणून आता दोनावर थांबू नये. चुण्यांची तोंडे बाहेरच्या बाजूने खाली राहावीत, नाहीतर त्यांत धूळ साठते. इलास्टिक बाजारात मिळत नाही म्हणून अडू नका. त्याच कापडाच्या नाड्या लावा. त्या कान ओढत नाहीत, उकळल्या तरी सैल पडत नाहीत आणि लहान-मोठ्या कुठल्याही चेहऱ्याला बेताने बांधता येतात. चष्मा लावणाऱ्या मुलांचे मास्क नाकावर घट्ट बसतील असे करावेत, काच धुरकट झाली तर प्रश्नपत्रिकाच वाचता येणार नाही.

सोबत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चार ओळींची चिठ्ठी घालावी : रोज धुवा, कुकरमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात १० मिनिटे उकळा, दुसऱ्याचा वापरू नका, पुढच्या बाजूला हात लावू नका. एका वर्गात दोन्ही माध्यमांची मुले बसणार आहेत, आणि घरी मास्क धुणार बहुधा आईच.

शिक्षण खात्याने तालुक्यातली कोणती गावे अजून राहिली आहेत, हे आपल्या दैनिकातून कळवले तर एकाच शाळेत ढीग आणि दुसरीकडे काहीच नाही, असे होणार नाही. खानापूरच्या पश्चिमेकडील गावे आधी घ्यावीत. आमच्या गल्लीतल्या मशिनी २० जूनपर्यंत याच कामाला आहेत. सुती कापड कुणी दिले तर शिवून देऊ, शिलाई घेणार नाही. संपर्क आपल्या कार्यालयात ठेवला आहे.

– एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव