धातुपरीक्षकाची नजर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सराफीत तुमचा जन्म गेला, म्हणून जेम्स प्रिन्सेपविषयी तुम्हाला लिहावेसे वाटले. ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याचा पेशा टांकसाळीतल्या धातुपरीक्षकाचा होता, आणि प्राचीन अक्षरे वाचण्याची त्याची दृष्टी त्या पेशातच घडली, असे मला मनापासून वाटते.

1819 मध्ये तो कोलकात्याला आला आणि लवकरच बनारसच्या टांकसाळीत रुजू झाला. भट्टीची धग नेमकी किती, हे सांगणे त्या काळी अवघड होते. त्याने चांदी-सोन्याचे आणि सोने-प्लॅटिनमचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू तयार केले, त्यांचे बारीक तुकडे भट्टीत ठेवले आणि कोणता वितळला, कोणता तसाच राहिला, यावरून उष्णता ठरवली. एका ग्रेनच्या (सुमारे 65 मिलिग्रॅमच्या) तीन हजाराव्या भागाचा फरक दाखवणारा तराजूही त्याने बनवला. 1835 मध्ये 180 ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया सुरू झाला. त्या सुधारणेचा तो खंदा पुरस्कर्ता होता.

पंजाब-अफगाणिस्तानातून लोक त्याच्याकडे जुनी नाणी पाठवत, आणि तो ती निरखून, त्यांची चित्रे काढून एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापत असे. आई, तुला सांचीच्या स्तूपाची हकीकत आवडेल. तिथल्या कठड्यांवरचे ब्राह्मीतले कितीतरी छोटे लेख एकाच अक्षरजोडीने संपतात, हे 1837 मध्ये त्याच्या ध्यानात आले. हे भाविकांचे दानलेख असावेत, म्हणजे शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा त्याने तर्क केला. त्याआधीचे अक्षर षष्ठीचा ‘स’ (म्हणजे ‘अमक्याचे’ दान) आहे, हे तो सौराष्ट्राच्या क्षत्रप राजांच्या नाण्यांवरून नुकताच शिकला होता. नाण्यांच्या कडेची झिजलेली अक्षरे त्याने इतक्या चिकाटीने लावली नसती, तर सांचीचा लेख इतक्या लवकर वाचला गेला नसता. त्यानंतर अशोकाचे स्तंभलेखही वाचता आले.

अतिश्रमाने 1838 मध्ये तो आजारी होऊन मायदेशी गेला आणि 22 एप्रिल 1840 रोजी, अवघ्या चाळिशीत, वारला. त्याचा नाणेसंग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमने घेतला.

क्षत्रपांच्या नाण्यांच्या चित्रांची प्रत सोबत ठेवली आहे. बाबा, भिंग घेऊन कडेची अक्षरे पाहा आणि आईलाही दाखवा. प्रकृतीला जपावे.

आपली,
लेक