गोष्टीची पुस्तकं कुलपात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत इंग्रजी शिकण्यासाठी घरात हवीतच अशा पुस्तकांची यादी वाचली. रात्रभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून सकाळी आधी हे लिहायला बसले.

प्रथम चूक सांगते. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं असं लेखात छापलं आहे. ते 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. त्यावर केवढे वाद झाले होते, ते तुमच्या कचेरीतली जुनी माणसंही सांगतील. ज्याला एवढंही ठाऊक नाही, त्यानं मराठी शाळेतल्या मुलांना पुस्तकं सुचवावीत याचा मला राग आला आहे.

आता यादी. सर्वांत वर तेच जाडजूड व्याकरण, जे माझ्या वडिलांच्या वेळीही होतं. त्याखाली महाविद्यालयात लागेल असा शब्दकोश, मग निबंध, मग म्हणी आणि वाक्प्रचार. गोष्टीचं एकही पुस्तक नाही. वर सल्ला असा की, मराठीतून समजावणारी पुस्तकं घरातून काढूनच टाका.

मी पुण्यातल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवत असे. दिवसभर खाणावळीत, दुकानात, दवाखान्यात राबून मुलं संध्याकाळी वर्गात येत. त्यातला एक खासगी रुग्णालयात वॉर्डबॉय होता. अशीच कुठली तरी यादी वाचून तो पगाराच्या दिवशी अप्पा बळवंत चौकात गेला आणि ते जाड व्याकरण घेऊन आला. खाकी कव्हर घातलं, सुवाच्य अक्षरात नाव घातलं. दिवाळीनंतर मी ते हातात घेतलं. मिटलेल्या पुस्तकाच्या कडेकडे पाहिलं तर सुरुवातीची नखभर जाडीची पानं मळून काळपट झालेली आणि पुढचा सगळा गठ्ठा पांढराशुभ्र. मळलेल्या पानांवर ओळीओळीच्या वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी अर्थ. नामाचे सगळे प्रकार त्याला उदाहरणांसकट पाठ होते. आणि वॉर्डात एखाद्या पेशंटच्या बायकोनं डिस्चार्जचा कागद पुढं केला, तर 'आफ्टर मील्स' लिहिलेली गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर, हे त्याला सांगता येत नव्हतं. "मॅडम, माझं डोकंच नाही इंग्रजीचं," म्हणाला. चांगल्या डोक्याचा मुलगा होता तो. पुस्तक चुकलं होतं आणि दोष तो स्वतःला देत होता. अशा याद्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

बरं, शाळेत योग्य पुस्तकं नव्हती असंही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात अनुदानातून आलेली सोप्या इंग्रजीतली गोष्टींची पुस्तकं होती. पातळ, मोठ्या टायपाची, पानोपानी चित्रं. काही गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. किल्ली मागितली की ठरलेलं उत्तर यायचं: "हरवलं तर तपासणीत भरून कोण देणार?" दाखल रजिस्टरात नंबर पडलेलं पुस्तक गहाळ झालं की किंमत शिक्षकाच्या माथी, म्हणून कुणीच मुलांच्या हाती पुस्तक देत नसे. हरवलेल्या पुस्तकांचे पैसे माझ्या पगारातून कापा, असं लेखी दिलं तेव्हा कुठं किल्ली मिळाली. तीही फक्त शनिवारी. मुलांसाठी सरकारनं पैसे मोजून पाठवलेली पुस्तकं मुलांपासूनच सांभाळून ठेवायची, ही कुठली रीत? आजही पुष्कळ शाळांत हेच चालतं. लेख लिहिणाऱ्यानं एखाद्या शाळेत जाऊन कपाट उघडायला सांगितलं असतं, तर वाचकांना एक पैसा खर्च करायला सांगावं लागलं नसतं.

त्या मुलानं पहिलं पुस्तक नेलं ते चोवीस पानांचं असेल. पुढच्या शनिवारी दारातच उभा. "संपलं. दुसरं द्या." इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. मार्चपर्यंत त्यानं कपाटातला खालचा खण संपवला. आणि मग ते जाड व्याकरण उपयोगी पडायला लागलं! गोष्टीत 'हॅड गॉन' दिसलं की ते का आलं हे पाहायला तो स्वतःहून ते उघडू लागला. व्याकरणाची जागा ती आहे. अडलं की उघडायचं. पहिल्या पानापासून वाचत जायचं ते पुस्तकच नाही.

यात माझा शोध काही नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात असताना त्यांनी हेच ओळखलं. बंगाली मुलांच्या वाचनात पानोपानी नव्या शब्दांची गर्दी होते, मुलं तिथं अडतात. म्हणून त्यांनी रोजच्या वापरातले शब्द निवडून वाचनमाला लिहिल्या. 1935 साली त्यांचा शब्दकोश आला, त्यात 24,000 नोंदींचे अर्थ 1,490 शब्दांत सांगितलेले होते. शिकणाऱ्यासाठी कोश असा लागतो. यादीतल्या कोशात एका शब्दाचा अर्थ कळायला आणखी तीन शब्द शोधावे लागतात. पुढं अभ्यासकांनी तपासून दाखवलं की, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर 100 पैकी 98 शब्द ओळखीचे लागतात. दुकानात हे पाहणं अगदी सोपं आहे. मधलं एखादं पान वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली की पुस्तक खाली ठेवायचं, मग ते कुणीही सुचवलेलं असो.

मराठीला घराबाहेर काढण्याच्या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणते की, महाराष्ट्रात कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी शिकल्या. रात्री दहाला खोलीवर एकटा वाचत बसलेल्या मुलाला विचारायला कुणी नसतं. त्याला मराठीची एक ओळ आधाराला हवी असते आणि ती मिळाली म्हणून त्याचं इंग्रजी बिघडत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मुलांच्या गोष्टी मोफत आहेत. त्यांतल्या पुष्कळ इंग्रजीतही आहेत आणि मराठीतही, शिवाय सोप्याकडून अवघडाकडे पातळ्या लावलेल्या. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. सेनापती बापट रस्त्यावरची बालभारतीसुद्धा लेखकाला दिसली नाही. तिची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. इंग्रजी माध्यमाचं दुसरी-तिसरीचं इंग्रजीचं पुस्तक मी मोठ्या माणसांनाही वाचायला देते आणि त्यात त्यांना कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या अगदी खाली, महिन्यात फाडफाड इंग्रजी बोलायला लावणाऱ्या क्लासची पाव पानाची जाहिरात होती. जाहिरातीवाचून पेपर चालत नाही हे मला समजतं. पण तुमच्यावर भरवसा ठेवणारा वाचक लेखाचा सल्ला आणि खालची जाहिरात एकत्रच वाचतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं मालकाकडून उचल घेऊन अशाच एका क्लासची फी भरली होती. थोड्याच दिवसांत क्लासला टाळं लागलं आणि उचल मात्र ती वर्षभर फेडत बसली. निदान इंग्रजीवरच्या लेखाच्या पोटात तरी असल्या जाहिराती देऊ नका.

पाचवीच्या चुकीची दुरुस्ती उद्याच्या अंकात छापावी. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर बाकी काहीही कापा, पण कपाटाचा परिच्छेद तसाच ठेवा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे 30