कागदावरची बहीण

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला चिमीनं तुला विचारलं, "बाबा, तुमची बहीण कुठाय?" तू हसून तिला माझ्याकडं पाठवलंस आणि मी पटकन करंजी तोंडात घातली. 78 वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही. फोनवर बोलायला जमणार नाही, म्हणून लिहितो.

तू 24 जून 1975 चा. 26 तारखेला सकाळी मी घरून डबा घेऊन दवाखान्यात निघालो होतो. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर रेडिओ चालू होता. इंदिराबाई सांगत होत्या, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरायचं कारण नाही. चहावाला म्हणाला, "आता साखर महागणार." त्याचं काही खरं झालं नाही, उलट त्या वर्षी भाव उतरले.

सुरुवातीचे महिने मला आणीबाणी बरीच वाटली, खोटं कशाला सांगू. कचेरीत माणसं जागेवर भेटायची. मग आपल्या गल्लीतल्या शेकापच्या एका कार्यकर्त्याला रात्री मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, उचललं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची एक ओळ नव्हती. तुझा मामा उद्यमनगरात फौंड्रीत होता. किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला, तरी त्यांच्यात कुणी तोंड उघडलं नाही. माझ्या वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा सरकार सक्तीनं ठेव म्हणून कापून घेत होतं. तुझ्या दुधाचा रतीब अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणला तो तेव्हाच.

खरं संकट आलं 1976 च्या पावसाळ्यानंतर. मी रंकाळ्यावरून सायकल मारत करवीर तालुक्यातल्या एका गावी शाळेला जायचो, हे तुला माहीत आहे. वरून फर्मान आलं: प्रत्येक शिक्षकानं नसबंदीच्या तीन केसेस आणायच्या, नाहीतर पगार नाही. केसेस म्हणजे माणसं. शाळा सुटली की आम्ही दारोदार फिरायचो. जीपचा आवाज आला की गडी उसात शिरायचे. ज्या बायका मला "गुरुजी, ताक घ्या" म्हणायच्या, त्या दार लावून घ्यायला लागल्या. पोरं शाळेत यायची बंद झाली. तिसरीच्या वर्गात एकदा पाचच पोरं होती, आणि त्यातली दोन माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

दोन केसेस मी केल्या. एकाला पाच मुलं होती, तो आपणहून तयार झाला. दुसऱ्याला मी रेशनकार्डाची भीती घातली. त्याचं तोंड अजून आठवतं. पुढं कधी बाजारात दिसला तर मी गल्ली बदलायचो.

तिसरी केस मिळेना. दोन महिने पगार अडला. मग एकानं ऊसतोडीला आलेला एक पोरगा दाखवला, मिसरूड फुटलेला, लग्न ठरलेला. पैशासाठी तयार होता. त्याला घेऊन मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. तो सारखा विचारत होता, "मास्तर, दुखतं का?" त्याला हॉटेलात भजी खायला घातली आणि एसटीत बसवून दिलं. मी काही थोर नव्हतो. त्याच्या जागी कुणीतरी बसायला पाहिजे होतं, एवढंच मला कळत होतं.

कॅम्पमधला कारकून ओळखीचा निघाला. म्हणाला, "गुरुजी, एकच मूल लिहिलंत तर डॉक्टर परत पाठवतील. एक वाढवा." हयात अपत्यांच्या रकान्यात मी 2 लिहिलं. खाली तुझं वय घातलं आणि वरच्या ओळीत लिहिलं: कन्या, वय 4. तेव्हाचा दर ठरलेला होता. दोन किंवा कमी मुलं असतील तर 150 रुपये, तीन असतील तर 100, त्यापुढं 70. मला 150 मिळाले.

तुझ्या आईला आधी विचारलं नव्हतं. बाळू, बाकी सगळ्याला कारणं देता येतात, याला नाही. रात्री चुलीपुढं बसून सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली. फॉर्मचं सांगितल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"चार वर्षांची?" ती म्हणाली. "आपलं लग्न त्र्याहत्तरचं. मग ही काय लग्नाआधीच झाली?"

आणि हसायला लागली. पदर तोंडावर धरून इतकी हसली की तू जागा झालास. हसणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते मला कळलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "नाव काय घातलंसा?"

"नावाचा रकाना नव्हता."

"बरं झालं," म्हणाली आणि तुला मांडीवर घेतलं.

मी आठ दिवस सायकल चालवली नाही. पुन्हा गावात गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. दार लावून घेणाऱ्यांतल्या एकीनं शाळेत तांब्याभर दूध पाठवलं होतं. हळूहळू पोरंही परतली.

त्या 1976-77 सालात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यातल्या तीन माझ्या हिशेबातल्या. मार्चमध्ये निवडणूक झाली, बाई रायबरेलीत पडल्या, कोल्हापुरातून शेकापचे दाजीबा देसाई निवडून आले, गल्लीत गुलाल उधळला. तुझी आई तुला कडेवर घेऊन मताला गेली होती. मत कुणाला दिलं, ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नंतर कुणीतरी म्हणालं, मुंबईत परत जोडून देतात. मी विषय काढला, तर ती म्हणाली, "राहू दे, आता बाळूकडं बघा."

ते 150 रुपये तिनं डब्यात ठेवले होते, खर्चायला हात लावत नव्हती. तू दोन वर्षांचा झालास तेव्हा तिनंच महाद्वार रोडवरून तुला तीनचाकी सायकल आणली. निळी, घंटीवाली. परवा चिमीला जिचं वर्णन करून सांगत होतास, तीच.

चिमीला काय सांगायचं ते तू ठरव. नवा गूळ आला आहे, दोन भेल्या पाठवतो. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा