एसटी फुकट केलीत, आता गोळ्या गावात द्या

संपादक महोदय,

आमचे मालक ७६ वर्षांचे. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. पायजम्याची गिऱ्हाइकं कमी झाली तरी शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे असं काही ना काही चालू होतं. मागच्या दिवाळीआधी मशीनवर बसले की पाय पायट्यावर नुसता ठेवलेला असायचा. दोरा ओवायचा, काढायचा, परत ओवायचा. विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय, पोटात कालवतंय." रात्री दोनला उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

मग आम्ही पोटाच्याच मागे लागलो. पित्ताच्या गोळ्या, सलाईन, सोनोग्राफी. शेजारीण म्हणाली बाहेरचं झालंय, तर उतारासुद्धा टाकला, खोटं कशाला बोलू. श्रावणबाळचे महिन्याला १५०० येतात, ते चार महिने यातच गेले. शेवटी एका डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि त्यांना विचारलं, "आजोबा, जगावंसं वाटतं का?" दाराबाहेर मला त्यांचं रडणं ऐकू आलं.

नैराश्याच्या औषधाने गुण आला. तक्रार औषधाची नाही, डॉक्टरांचीही नाही, वाटेची आहे. गोळ्या मिळतात जिल्ह्याच्या गावी आणि त्याही पंधरा दिवसांच्या. पंचाहत्तरीपुढे एसटी मोफत, मला बाई म्हणून अर्धं तिकीट. सरकारचे उपकारच आहेत. पण पहाटेची गाडी चुकली की केसपेपर काढेस्तोवर ओपीडी उरकलेली असते. स्टँडपासून रिक्षा फुकट नाही. त्यात त्यांना दर अर्ध्या तासाला लघवीला जावं लागतं, ते कंडक्टरला कितीदा सांगायचं? त्यांच्याच बीपीच्या गोळ्या मात्र गावच्या उपकेंद्रात सिस्टर महिन्याच्या एकदम देतात. मग मनाचीच गोळी एवढ्या लांब का?

आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात. त्यात शेवटी दोन प्रश्न असतात, कामात रस वाटत नाही असं होतं का आणि उदास, निराश वाटतं का. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा दारातूनच मी उत्तर दिलं, "न्हाय बाई, सगळं ठीक हाय." मालक तिथंच ओट्यावर बसले होते. चूक माझीच. आशाताईला तरी काय बोलणार, तिला कामागणिक मोबदला आणि पुढची घरं वाट बघत असतात. पण हे दोन प्रश्न ज्याचे त्यालाच, बाजूला बसवून विचारायला हवेत. मनाच्या त्रासासाठी सरकारचा १४४१६ नंबर आहे, त्यावर फोन फुकट लागतो, तोही करून पाहिला. यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन मी धरायचा. माझ्यासमोर ते काय सांगणार?

माझी नात नर्सिंग शिकते. तिने गोव्यातला एक अभ्यास वाचून दाखवला, २०१९ साली छापून आलेला. साठीपुढच्या, नैराश्याची थोडी लक्षणं असलेल्या १८१ जणांचे दोन गट केले. एका गटाकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, शिकवून तयार केलेली साधी माणसं जायची. झोप कशी सुधारायची, एक अडचण धरून ती कशी सोडवायची, साखर कशी सांभाळायची हे बोलायची आणि सरकारी योजनांची कामंही करून द्यायची. वर्षभरात त्या ९१ जणांपैकी ४ जणांना मोठं नैराश्य आलं, दुसऱ्या ९० जणांत १३ जणांना. यातलं योजनांचं मला लगेच पटलं. हयातीचा दाखला अडकून पेन्शन थांबली की म्हातारं माणूस निम्मं तिथंच खचतं.

नात असंही म्हणाली, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला कार्ड असो-नसो, सरकारी उपचार मोफत आहेत आणि ते त्याला पोचता येतील असे असायला हवेत. माझी मागणी त्याहून मोठी नाही. नवीन औषध सुरू करायला, बदलायला जिल्ह्याला बोलवा, आम्ही येऊ. पण चालू गोळ्या बीपीच्या गोळ्यांबरोबर त्याच दिवशी, त्याच खिडकीतून मिळाव्यात. आणि गावातली एखादी शिकलेली बाई किंवा रिटायर मास्तर तयार करून महिन्यातून दोनदा तरी या म्हाताऱ्यांशी बोलायला बसवावा.

परवा मालकांनी दोन अभ्रे शिवले. शिवण जरा वाकडी आहे. पुढची तारीख सोमवारची, गाडी पहाटे साडेपाचला.

— एक शिंपीण, माणदेश